अंगणातली रब्बी

लातुरात घर बांधणारा आधी बोअर मारतो, मग पाया खणतो. पाणी लागलं तर गल्ली बघायला येते, नाही लागलं तरी येते. अशा गावात फुलझाडांची हौस करायची म्हटलं की कुठलं फूल, कुठला रंग हे प्रश्न मागचे. पहिला प्रश्न एकच: मे महिन्यात ह्याला पाणी कोण घालणार?

म्हणून मोगरा हा माझ्यासाठी नाजूक विषय आहे. मोगरा कुणाला नको असतो! पण त्याचा बहर ऐन उन्हाळ्यातला. कळ्या धरायच्या दिवसांत त्याला पाणी हवं आणि त्याच दिवसांत इकडं नळाची वाट बघण्यात आठवडे जातात. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले मोगरे गेले, जाई गेली, एका दारावरचा जुना मधुमालतीचा वेल गेला. कुणी मुद्दाम मारले नाहीत. घरोघरी प्यायच्या घागरी मोजल्या जात असताना वेलाच्या बुडात तांब्या रिकामा करायला हात धजत नव्हता, एवढंच. तेव्हापासून मी एक अट घालून घेतली. मार्च सरता सरता जे झाड आपणहून आवरतं घेईल तेच लावायचं. पण वास सोडायचा नाही.

ह्या अटीत बसतात ती हंगामी फुलं. बी पेरल्यापासून पुन्हा बी धरेपर्यंत एकच हंगाम. नर्सरीवाले त्यांना सीझनल म्हणतात आणि लोकांना ती बंगल्यांची, सरकारी बागांची, थोडीशी साहेबी फुलं वाटतात. मला मात्र ती चक्क रब्बीची पिकं वाटतात.

ही फुलं मूळची कुठली ते बघा. स्वीट पी सिसिली आणि दक्षिण इटलीकडची. स्टॉक आणि स्वीट ॲलिसम भूमध्य समुद्राच्या काठची. त्या मुलखात उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस थंडीत पडतो. तिथल्या ह्या झाडांची रीत अशी की पावसाळा लागताच उगवायचं, थंडीत वाढायचं, वसंतात फुलायचं आणि ऊन तापायच्या आत बी टाकून मोकळं व्हायचं. उन्हाळा काढायचं काम बियांकडं. आपला हरभराही मूळचा तुर्कस्तानाकडचा आणि त्याचीही चाल हीच. फरक एवढाच की तिकडं थंडीत पाऊस असतो आणि इकडं पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर भागवावं लागतं. शाळू, करडई, हरभरा त्या ओलीवरच तर येतात. काळं रान ओल धरून ठेवतं म्हणून मराठवाड्यात रब्बी आहे, नाहीतर दिवाळीनंतर शेतात करायला काय उरलं असतं?

हे एकदा डोक्यात बसलं की पेरणीची तारीख कुठं शोधावी लागत नाही. शेजारच्या रानात हरभरा पडला की अंगणात स्वीट पी पडायला हरकत नसते. बारीक बियांची रोपं नवरात्रात गादीवाफ्यावर किंवा पसरट कुंडीत टाकायची, दुपारच्या उन्हाला वर जुनं धोतर नाहीतर शेडनेट, आणि दिवाळीच्या आसपास लावणी. ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला मे महिन्याइतकंच लागतं. ते ओलांडलं की पुढं थंडी सांभाळून घेते.

स्वीट पीबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं ती उगीच बदनाम आहे. वेल हिरवागार होतो, तुराट्यांवर छातीएवढा चढतो आणि फुलायचं नाव काढत नाही. मार्च उजाडल्यावर चार कळ्या दिसतात, तोवर ऊन चढलेलं असतं आणि वेल बुडापासून पिवळा पडत जातो. मग कुणी खताला दोष देतं, कुणी बियाणंवाल्याला. खरी गोम दिवसाच्या लांबीत आहे. स्वीट पीच्या जातींचे ढोबळ तीन गट पडतात. उन्हाळी जातींना फुलायला साधारण बारा तासांचा दिवस लागतो, वसंती जातींना अकरा तासांचा, हिवाळी जातींचं दहा तासांवरही भागतं. इंग्लंडात नावाजलेल्या बहुतेक जाती पहिल्या गटातल्या. आता लातूरचा हिशोब करा. आपल्याकडं डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो, पण बारा तासांचा दिवस यायला निम्मा मार्च सरतो. म्हणजे ती नावाजलेली पाकिटं इथं पेरली तर फुलायचा विचार गुढीपाडव्याला करणार! हिवाळी किंवा लवकर फुलणारी जात घेतली तर तोच वेल, तेच अंगण, तेच शेणखत, आणि जानेवारीत फुलं. पाकिटावर ‘विंटर’ किंवा ‘अर्ली’ एवढा शब्द शोधावा. फोटो बघू नये.

फोटो बघू नये ह्याला आणखी एक कारण आहे. कुपानी नावाच्या एका सिसिलियन साधूनं 1699 साली ह्या वेलाचं बी इंग्लंडात एका मास्तरांकडं पाठवलं. ते फूल लहान, दोन रंगांचं, दिसायला बेताचं, वासाला मात्र जबरदस्त. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेन्री एकफर्ड नावाच्या माळ्यानं निवड आणि संकर करून फूल मोठं केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेन्सर नावाच्या, झालरीच्या पाकळ्यांच्या जाती आल्या आणि प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागल्या. आकार वाढत गेला, रंग वाढत गेले आणि पुष्कळ जातींत वास मागं पडत गेला. कुपानीच्या नावाची जात आजही विकली जाते, ती वासासाठीच. गुलाबाचं काय झालं ते आपण हारवाल्याकडं रोज बघतोच: लांब दांडा, घट्ट कळी, आठवडाभर टिकणारी, आणि नाकाशी नेली तर नुसता गार स्पर्श.

स्वीट पीचा वास कसा, असं कुणी विचारलं तर मी जालन्याकडची वाट सांगते. मोसंबीच्या बागा आंबे बहराला, म्हणजे थंडी सरतानाच्या फुलोऱ्याला, आल्या की एसटीच्या खिडकीतून जो वास आत येतो, त्याच्या फार जवळचा. त्यात थोडा मध मिसळलेला.

करायचं फार काही नसतं. बी रात्रभर भिजवायचं. सकाळी जे फुगलं नसेल त्याच्या कवचाला नेलकटरनं बारीकशी खोच द्यायची, डोळ्याची बाजू सोडून. वेल वीतभर झाला की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फुटवे येतात. आधाराला मागच्या सालच्या तुराट्या. बाजारातल्या हिरव्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा वेल त्यांना लवकर बिलगतो. आणि फुलं तोडत राहायची, दिवसाआड. हा नियम मोडू नये. एकदा शेंगा धरल्या की आपलं काम झालं असं वेलाला वाटतं आणि तो फुलणं थांबवतो. पोराबाळांच्या घरात एक खबरदारी: ह्या शेंगा थेट मटारासारख्या दिसतात, पण विषारी असतात. विषासाठी बदनाम असलेली लाखेची डाळ आणि स्वीट पी एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत. बियांसाठी राखलेल्या शेंगा मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

स्टॉकवर माझा तितका जीव नाही. वास लवंगेचा, फार सुरेख, पण झाड नखरेल. त्याला कळी धरायला थंडी लागते. रात्री नीट गार पडल्या नाहीत तर ते नुसतं पानांतच राहतं. परभणीला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, तिकडच्या लोकांनी खुशाल लावावं. लातुरात ज्या वर्षी स्वेटर ट्रंकेतच राहतात त्या वर्षी स्टॉकही रुसतो. गंमत म्हणजे त्याच्या दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या फुलाला बी धरतच नाही, कारण त्यात पुंकेसर नसतात आणि स्त्रीकेसरही नसतो. बी घ्यायचं ते त्याच्या साध्या, चार पाकळ्यांच्या भावंडाकडून. त्याच बियांतून पुन्हा साधारण निम्मी रोपं दुहेरी निघतात.

स्वीट ॲलिसमचं तसं नाही. वीतभरही उंच न होणारं हे झाड, फुलं इतकी बारीक की एकेकटी दिसतही नाहीत, दिसतो तो पांढरा थर. सात-आठ आठवड्यांत फुलायला लागतं. उन्हात दुपारी त्याच्याजवळून गेलं की मधाचा वास येतो आणि मधमाश्या त्यावर दिवसभर असतात. मी ते पायरीच्या कडेला, फरशीच्या फटीला, मोठ्या कुंडीच्या काठावर, जिथं मूठभर माती असेल तिथं टाकते. पहिला बहर ओसरला की कात्रीनं वरचेवर कापलं तर दुसरा येतो. ह्या झाडाला चुनखडीचं वावडं नाही, जडशीळ बोअरचं पाणीही ते निभावून नेतं. रंग पांढराच घ्यावा असं मी म्हणेन. जांभळं दिसतं छान, पण माझ्या नाकाला पांढरं जास्त गोड लागतं.

आता वेळेचा प्रश्न. फुलं निवडताना आपण ऊन-सावली बघतो, उंची बघतो, आणि घरातली माणसं घरी कधी असतात ते बघायचं विसरतो. नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला अंगण येतं ते दिवेलागणीला. दुपारचा मधुर वास तिच्या काय कामाचा? तिनं पिटुनिया लावावा, निकोटियाना लावावी. ह्या फुलांचा वास अंधार पडताना सुटतो, कारण त्यांचे मूळ गिऱ्हाईक लांब सोंडेचे निशाचर पतंग. वास म्हणजे पाकळीतून उडून जाणारी तेलं. ती तयार करायला झाडाला खर्च येतो, मग पतंग नसतील त्या वेळी ती उधळून काय मिळवायचं? पिटुनियात पांढरे आणि गर्द जांभळे वासाचे. लाल आणि भडक गुलाबी बहुधा बिनवासाचे. निकोटियाना ही तंबाखूची चुलतबहीण. तिची जुनी, उंच, पांढऱ्या फुलांची जात दुपारी मान टाकून, पाकळ्या मिटून उभी असते. नर्सरीत आपण जातो सकाळी अकराला. तिथं ती सुकलेली वाटते, वासही नसतो, म्हणून तिला कुणी उचलत नाही. उचललं जातं ते तिचं ठेंगणं, दिवसा उघडं राहणारं, रंगीत रूप, ज्याला बहुतेकदा वासच उरलेला नसतो. म्हणून जमेल तर नर्सरीत संध्याकाळी जावं आणि रोप घेण्याआधी खुशाल वाकून वास घ्यावा. नर्सरीवाला हसतो. हसू दे.

पिटुनियाची एक अडचण सांगायला हवी. आपली काळी माती चुन्याची, पाणीही चुन्याचं. कुंडीच्या बाहेरून पांढरे फराटे येतात ते त्याचेच. अशा मातीत लोह असूनही पिटुनियाच्या मुळांना ते उचलता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. युरिया टाकून काही होत नाही. कुंडीत पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरपूर घालावं, काळी माती कमी घ्यावी आणि फारच पिवळं पडलं तर कृषी केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह पाण्यातून द्यावं.

पाण्याविषयी तर प्रत्येक घराचं आपलं शास्त्र आहे. भाजी धुतलेलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नको. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी पुष्कळ जण झाडांना घालतात, चांगल्या भावनेनं, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला आणि संडासाला ठीक. लातूरकरांच्या हाती एक गोष्ट मात्र आयती आहे: सोयाबीनचं भुसकट. ऑक्टोबरात रास झाली की ज्याच्या त्याच्या रानात ढीग पडलेले असतात. चार बोटं जाडीचा थर वाफ्यावर घातला की ओल टिकते आणि तण उगवत नाही. शिवाय पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते मातीत जिरतं. मधोमध एक कच्च्या भाजणीचं मडकं तोंडापर्यंत पुरायचं आणि भरून झाकण ठेवायचं. पाझरणारं पाणी मुळांना पुरतं. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आली तर निंबोळी अर्क. फेब्रुवारीत वेलावर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली की समजायचं, आता आवराआवर.

वास फुलालाच असतो असंही नाही. दवणा, सब्जा ही पानांतून वास देणारी हंगामी झाडं आपल्याकडची जुनीच. दवणा थंडीत वाढतो, चैत्रात देवाला वाहतात. त्याची राखाडी, बारीक कातरलेली पानं वाटेवर लावावीत, जाता-येता पदर घासला की काम झालं. सब्जा पावसाळ्यातला. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे, वर छत नाही, मधे उघडी माती, आणि त्या मातीत सब्जाचं रोप. 1707 साली गेलेल्या बादशहाच्या कबरीवर एका हंगामाचं झाड! ते टिकवायचं तर कुणाला तरी पुन्हा पुन्हा लावावं लागतं. त्या बादशहाविषयी ज्याचं जे मत असेल ते असो, मी तिथं उभी असताना ते रोप कुणी लावलं असेल ह्याचाच विचार करत होते.

आणि गुलबास. हिला कुणी निवडत नाही, ती असतेच. न्हाणीच्या सांडपाण्यावर, पडक्या वाड्याच्या भिंतीशी, पहिला पाऊस पडला की उगवते. मूळची ती अमेरिका खंडाकडची, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला पटणार नाही. चार-साडेचारला फुलं उघडतात, रात्रभर वास, सकाळी ऊन आलं की मिटली. खरं तर तिच्या मुळाशी गड्डा असतो आणि ती पुढच्या वर्षीही फुटू शकते, म्हणून माझ्या अटीत ती जराशी पळवाटेनं बसते. बसू दे. मृगापासून दिवाळीपर्यंतचा माझा वास तीच सांभाळते आणि मोबदल्यात काही मागत नाही. बी खायचं नाही, मूळही नाही; हिचंही विष आहे.

ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षी मी यादी खालून वर कापत नाही, वरून खाली कापते. आधी स्वीट पी जाते, कारण वेलाला पाणी जास्त. मग स्टॉक. निकोटियाना दारापाशी एखाद्या कुंडीत राहते. ॲलिसम राहतंच. कापलेल्या यादीतलं बी डब्यात, राखेत, कोरडं. स्वीट पीचं बी नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं सहज उगवतं. वाट बघणं बियांना जमतं, मोगऱ्याला जमत नाही. पिटुनियाचं बी मात्र मी राखत नाही, पडलेलं आपोआप उगवतं तेवढं बघते. संकरित जातीचं असल्यामुळं ते आईसारखं निघत नाही. गेल्या खेपेला भडक गुलाबीच्या बुडात फिकट जांभळी आणि पांढरी रोपं आली, फुलं लहान, दांडे वेडेवाकडे, आणि वास आईला कधी नव्हता इतका.

शेजारच्या काकू अहमदपूरकडच्या. माझ्या वाफ्यांकडं त्यांनी बरीच वर्षं जरा संशयानं बघितलं. “एवढं पाणी घालायलीस, ह्याचा हार व्हतो का?” होत नाही, दांडा बारीक असतो, असं मी सांगितलं. “मग देवाला?” मला ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच एक दांडी तोडली, नाकाशी नेली आणि घरी जाऊन बाळकृष्णापुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सुनेनं विचारलं की असलं इंग्रजी फूल देवाला चालतं का, तर काकू म्हणाल्या, “वास हाय की त्याला. चालंना काय झालं?”

यंदा त्यांनी त्यांच्या दारात एक सरी काढून ठेवली आहे. स्टॉक नको, पिटुनिया नको, ते वेलाचं तेवढं दे म्हणाल्या. बी दोन्ही घरांना पुरेल. तुराट्या त्यांच्या भावाच्या रानातून यायच्या आहेत, आणि भाऊ म्हणतो, आधी सोयाबीनची रास होऊ द्या.